काट्यावरचा चौथा गडी

३ फेब्रुवारी, सोमवार

लग्नाला सोळा दिवस झाले आणि आज नवऱ्याचं दुकान पाहिलं. वास्कोहून निघताना मैत्रिणींना ऐटीत सांगितलं होतं, सर्वेशचं मुळगावात कॉम्प्युटर सेंटर आहे. सेंटर कसलं! बंद खाणीच्या कडेला टिपरचं वजन करायचा काटा होता, त्या काट्याची ही खोली. चार जुने कॉम्प्युटर, बसायला चार कदेली, बाहेर बघायला एक जनेल. जनेलातून खाणीचा खड्डा दिसतो. वर्षानुवर्षं पाणी साठून हिरवागार झालाय. लोक दाखले, बिलं, अर्ज भरायला येतात आणि एक वाजता शटर अर्धं खाली येतं. सर्वेशने सांगितलं की एक ते तीन मालक कामात असतात.

काम म्हणजे बंदुकीचा गेम! ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उघडतो, काही बसवावं लागत नाही, म्हणून या म्हाताऱ्या मशीनांवरही चालतो. खेळगडी तीन, तिघेही खाणीवरचे जुने टिपर ड्रायव्हर. एक माझा नवरा. दुसरे गोकुळदासकाका, वय पंचावन्न, चष्मा कपाळावर ठेवून नेम धरतात. तिसरा धाकू, सिंधुदुर्गातून खाणीवर आला आणि खाण बंद पडली तरी इथेच राहिला. हसून हसून पोट दुखलं. मला हे ठिकाण फार आवडलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

यांचा स्क्वॉड चौघांचा आहे. चौथा गडी कोण विचारलं तर तिघांनीही कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातला चौथा कॉम्प्युटर रोज सगळ्यात आधी चालू करतात. त्याच्यासमोर उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा आणि एक विडी ठेवतात. त्यावर ‘राखणदार’ नावाचं खातं उघडतात आणि मग त्या कदेलीवर कुणी बसत नाही. गेममध्ये तो गडी उतरतो तिथेच उभा राहतो. साहजिकच हे रोज हरतात.

सर्वेशने मग सांगितलं. खाण चालू असताना पहिल्या ट्रिपला क्लीनरची बाजू रिकामी ठेवायची, ती राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची. खड्ड्याच्या तोंडाशी त्याचा दगड आहे. खाण गेली तरी सवय गेली नाही. मी म्हटलं, राखणदाराला निदान बंदूक तरी चालवायला शिकवा. धाकू हसला नाही. म्हणाला, “तो खेळणा नाय वयनी, तो राखता. खालची माणसा जागा शोधतत. तो तेंका अडवता.” खालची म्हणजे कोण, तर दरड कोसळली तेव्हा टिपरसकट खाली राहिलेली. ती वर काढलीच गेली नाहीत.

जेवताना मला उगाच वाईट वाटत राहिलं. थट्टा जरा जास्तच झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझा दिवस होता. वास्कोला शिपिंगच्या ऑफिसात चार वर्षं मी हेच केलं, लोकांचे पासवर्ड सांभाळले. या तिघांचे पासवर्ड पाहून कपाळावर हात मारला. प्रत्येकाने आपल्या टिपरचा नंबर ठेवलाय! सगळे बदलले, माझ्या वहीत लिहून घेतले. नव्या मशीनवरून खातं उघडलं की मला फोनवर निरोप येईल अशी सोय केली.

गेमचे नियमही समजून घेतले. गडी गोळी लागून पडला की तीस सेकंद असतात. तेवढ्यात सोबत्याने जवळ येऊन उचललं तर वाचला, नाहीतर बाहेर. एखाद्याला स्क्वॉडमधून काढायचं तर चारांपैकी तिघांची मतं लागतात. आणि कॅप्टनला आपली जागा विश्वासातल्या एका माणसाला देता येते. सर्वेश कॅप्टन आहे. त्याने तिथे माझं नाव, तनया, घातलं आणि वर म्हणाला, बघ, मृत्युपत्रच केलं. गाढव आहे!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेमवाल्यांनी तालुक्या-तालुक्यांची स्पर्धा ठेवलीय. डिचोलीतून हे तिघे नाव देणार म्हणून लहान मुलांसारखे नाचतायत. पण नियम वाचला तो मी. तीन डाव नुसतं उभं राहणारं खातं खोटं धरतात आणि अख्खा स्क्वॉड बाद करतात. मी सांगितलं, राखणदाराला काढा, नाहीतर नाव देऊ नका.

गोकुळदासकाका इतकंच म्हणाले, “बाय, ताका थंय बसूंक दी.” त्याला तिथेच बसू दे म्हणून, आणि विडी पेटवून बाहेर गेले. सर्वेश म्हणाला बघू. बघू म्हणजे हा कधीच बघणार नाही, एवढं लग्नानंतर पहिल्या सोळा दिवसांतच कळलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सर्वेश आज मोटरसायकल घेऊन पेडण्याला बहिणीकडे गेलाय, रात्री येईल. आज खेळ नव्हता, मी एकटीच होते.

मी काढून टाकलं. तिघांचे पासवर्ड माझ्याकडेच आहेत. तीन मशीनवर तीन खाती उघडली आणि तिन्ही मतं दिली. उंड्याचा तुकडा कुत्र्याला घातला. पुन्हा कुणी असलं बेवारस खातं घुसवू नये म्हणून प्रत्येकाला फोनवरचा कोड सक्तीचा केला. शेवटी पाटी आली, रिकामी जागा आपोआप भरायची का? मी ‘परवानगी’ दाबलं.

एक सेकंदही गेला नाही, जागा भरली. नावाच्या ठिकाणी नुसती रेघ आहे. असेल कुणी पुण्या-मुंबईचा, नाव लपवणारा. स्पर्धेत खेळला म्हणजे झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं भांडण. सर्वेश ओरडला नाही, त्यानेच जास्त लागलं. विचारलं, आमच्या तिघांच्या हातांनी त्याला उठवायचा अधिकार तुला कुणी दिला? मी रडले. मग वरमले, कारण त्याचं बरोबर होतं. स्क्वॉड माझा नव्हता.

दुपारी तरी खेळले. नवा गडी कमालीचा खेळतो. पहिल्यांदा जिंकले! धाकूने टाळी दिली, सर्वेशही शेवटी हसला. गोकुळदासकाका मात्र मध्येच हेडफोन काढून बसले. त्या रेघवाल्याचा माइक चालू असतो, पण तो बोलत नाही म्हणाले. मी कानाला लावून पाहिला. आत पाणी हलत होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज गोकुळदासकाका पडले. सर्वेश आणि धाकू लांब होते. रेघवाला अगदी जवळ होता, दोन पावलांवर. उचलायला गेला म्हणून मी ओरडले, वाचलात काका! तो उचलेना. त्यांच्यावर वाकून उभा राहिला. पूर्ण तीस सेकंद. काका बाहेर गेले आणि लगेच त्यांच्या जागी दुसरी रेघ आली.

मी आपोआप भरायची सोय सकाळीच बंद केली होती. मला नक्की आठवतं. आत जाऊन पाहिलं तर चालू, आणि खाली लिहिलेलं, परवानगी: तनया.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भर दुपारी गोकुळदासकाका खड्ड्याच्या काठावर सापडले. कपडे चिंब, तोंडात लाल माती. घरातून जेवून हात धुवायला उठले होते, एवढंच त्यांच्या बायकोला माहीत. जिवंत आहेत. इस्पितळात मी समोर उभी राहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. बायकोलाही ओळखलं नाही. नुसते जमिनीकडे बघतात.

मी काय केलं? मी फक्त एक खातं काढलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवलं, खेळ बंद. चारही मशीनच्या वायरी काढल्या, नेटची तारही काढली, शटर पूर्ण खाली. सर्वेश, धाकू आणि मी घरी जेवायला बसलो. एक वाजता माझ्या फोनवर निरोप आला. सर्वेश खेळात आला. धाकू खेळात आला. परवानगी: तनया.

फोनवर उघडून पाहिलं. दोघांचेही गडी मैदानात उभे होते, कुणी चालवत नव्हतं, आणि दोन रेघा त्यांच्याकडे चालत येत होत्या. सर्वेशने ताट सोडलं, दोघेही पळत काट्यावर गेले. कशीबशी तार जोडली, बसले, लपले. डाव अर्ध्या तासाने संपला तेव्हा दोघेही उभे होते. म्हणजे रोज एक वाजता बसावंच लागणार. न बसून चालणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खाती मिटवता येत नाहीत. पासवर्ड बदलला तरी बदलत नाही. राखणदाराचं खातं पुन्हा उघडायला गेले. म्हणजे जागा रिकामी झाली की त्याला बसवता येईल. ते म्हणतं, फोनवर कोड पाठवला आहे. कुणाच्या फोनवर? त्याला फोन कुठला? कोड सक्तीचा मीच केला.

सकाळी दगडापाशी रोट, म्हणजे जाड भाकरी, ठेवला, विडी ठेवली. हात जोडून माफी मागितली. मोठ्याने, नाव घेऊन, माझी चूक सांगून. तिथे कुणी आहे असं वाटलंच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकू गावी पळाला. सर्वेशला न सांगता, पहाटेच्या बसने. त्याला दोष देत नाही. एक वाजता त्याचा गडी एकटाच उभा होता. मी धाकूच्या मशीनवर बसायला धावले, पण पोचेपर्यंत पडला होता. सर्वेश उचलायला निघाला, मी त्याचा हात धरला. मधे त्या दोन रेघा होत्या. सर्वेश गेला असता तर तोही—

तीस सेकंद मी नवऱ्याचा हात धरून ठेवला.

संध्याकाळी धाकूच्या भावाचा फोन आला. बागेतल्या विहिरीत.

२४ फेब्रुवारी

तीन रेघा. आणि सर्वेश. अर्धा तास एका पडक्या घरात लपून काढला. मी मागे उभी. माइकमध्ये आता पाणी नाही, श्वास आहेत. तीन.

सर्वेश मला रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी

आज त्यांना घर सापडलं. दाराशी आले तेव्हा डाव संपला. चार सेकंद राहिले होते.

उद्या नाही वाचणार. माझ्यामुळे. हा माणूस माझ्यामुळे जाणार आणि मी मागे उभी राहून बघणार? नाही.

कॅप्टनला आपली जागा देता येते. एकालाच. तिथे माझं नाव आहे.

२६ फेब्रुवारी

सर्वेशला पेडण्याला धाडलं. बहीण आजारी आहे असं खोटं सांगून. त्याच्या खात्यातून जागा माझ्या नावावर केली. तो बाहेर. पाटीवर दोनदा वाचलं. सुटला.

आता एकला दहा कमी. शटर आतून लावलंय. मी आयुष्यात गेम खेळलेली नाही. वही शेजारी आहे.

सर्वेश, माझा राग येईल. येऊ दे. तू जगायला हवास, दुसरं काही नको.

१.०६

उतरले. त्याच पडक्या घरात. जिन्याखाली. दिसत नाहीत.

१.११

फोन वाजतोय. सर्वेश. घेत नाही. मागे वळून येऊ नये एवढंच—

१.१४

निरोप आला. सर्वेशचा, पेडण्याहून, बहिणीच्या मशीनवरून. ती ठणठणीत दिसली आणि माझं खोटं कळलं त्याला. ब्राउझर कुठेही उघडतो. विसरलेच मी, कुठेही उघडतो.

म्हणतो, काळजी करू नकोस, मी येतो, मी तुला उचलतो. रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी त्याने नाव दिलंय. रांगेत पहिला.

अरे, जागा रिकामी होणार कुणाची? मी गेले की—माझीच—आणि तू आत, त्या तिघांच्या मधे—

१.१६

पडायचं नाही. मला पडायचं नाही. अर्धा तास. चौदा मिनिटं राहिली. उद्या पुन्हा. रोज. जमेल.

फोन करतेय. उचलत नाही. खेळ उघडून बसलाय ना, डोळे पडद्यावर. मेसेज केला. नाव काढ. नाव काढ. वाचत नाही.

१.१९

जिन्यावर पावलं

गोळी लागली. पडले. हात मोकळे आहेत. तिघेही आले. वाकले. तीस

फोन वाजतोय त्याच्याकडे. वाजतोय. घे ना रे

अठरा

सर्वेश रांगेतून नाव काढ, तुला मला नाही उचलता येणार, तू येशील तेव्हा मी नसेन, नाव का