डबल बेल

रविवार, भर दुपार
हॉटेलची लॉबी

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. जावईबापू आणि आपला गुंड्या बरे असतील. तुझा फोन बहुतेक बिघडलाय, कारण बुधवारपासून तो उचलला जात नाही. मेसेज मात्र वाचले जातात, निळ्या खुणा दिसतात हो मला! म्हणून हे हाताने लिहून फोटो काढून पाठवतेय. टाइप करत बसले तर आमचं विमान जाईल.

आज सहलीचा शेवटचा दिवस. समुद्र, नारळ, वाळू सगळं मागे टाकून आम्ही इथे या देशाच्या राजधानीत आलोय. उकाडा म्हणशील तर अंगाचं पाणी पाणी होतंय. सकाळीच खोल्या सोडायला लावल्या, विमान संध्याकाळी. त्यामुळे आमच्या डेपोतली सगळी निवृत्त मंडळी लॉबीत सामानावर पाय टाकून घोरतायत. गुंड्यासाठी शंख घेतलाय. कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणे. मला तर काहीच ऐकू आलं नाही, पण त्याला येईल.

तो विषय मी काढणार नाही. तू बुधवारी फोनवर "आई, वेड लागलंय का तुला?" म्हणालीस आणि फोन आपटलास, तिथेच तो संपला.

आता निघालाच आहे विषय, तर सांगते. तुझे ड्रायव्हरकाका किनाऱ्यावर पोपटांचा शर्ट घालून, नाक भाजून लाल झालेलं, अशा अवतारात मला म्हणाले, "कंडक्टरबाई, लग्न कराल माझ्याशी? नाही म्हणालात तरी परतीला सीट शेजारचीच आहे, तेव्हा राग नको." मी म्हटलं, राजधानीत सांगते, शेवटच्या दिवशी. म्हटलं, तोवर तुझी समजूत पटेल. तू फोनच उचलेनास. आणि आज तो दिवस उजाडला की गं!

सकाळी इतर सगळे खरेदीला गेले. हे म्हणाले, आपण बस बघू या. आयुष्यभर बस चालवली, आणि सुट्टीत माणूस काय बघणार, तर बस! विमानातसुद्धा उतरताना यांचा उजवा पाय खाली दाबलेला. टेकलं तसे म्हणतात, "बघा, लागला ब्रेक." मी तरी काय कमी? विमानाच्या दारात गर्दी तुंबली तेव्हा "पुढे सरका, पुढे सरका" माझ्याच तोंडून निघालं. हवाई सुंदरीने चमकून बघितलं माझ्याकडे.

तर इथे जुन्या लाल बस अजून चालतात, त्यातली एक समोरच उभी. कंडक्टर आहे, डोक्यावर घंटीची दोरी आहे. दोरी बघून मला भरूनच आलं. माझी पर्स यांच्या हातात देऊन मी तुरुतुरु वर चढले. कंडक्टर मागे कुणाचं तरी बोचकं ठेवून देत होता. बाया चढल्या, पोरं चढली, एक आजोबा चढले, पायरी मोकळी झाली. माझा हात आपोआप वर गेला. टण टण! डबल बेल. भाषा कुठलीही असू दे, डबल बेलला ड्रायव्हर गाडी सोडणारच. सुटली की गाडी.

आणि हे खाली फुटपाथवर! सगळ्यांना आधी चढू देत बसले होते. माझी पर्स छातीशी, तीत माझा फोन, पासपोर्ट, हॉटेलचा पत्ता, सगळं.

मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडले, दोरी ओढली, तर कंडक्टरने माझ्या हातावर चापटी मारली. बरोबरच आहे, मीही मारली असती.

चिऊ, हसू नकोस. पण मी त्यांना विसरले नव्हते गं. मी उतारू मोजले होते, आणि माझ्या मोजणीत ते कधीच नसायचे. ते पुढे असायचे. पायरी बघायची, घंटी द्यायची, गाडी चालवायला ते आहेतच. वळून बघितलं तर स्टेअरिंगवर भलताच कुणीतरी. माझे हातपाय गार पडले. तुझे बाबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ड्यूटीवर गेले होते, तेव्हाही नव्हते पडले, कारण तेव्हा पुढे हे होते.

पुढच्या स्टॉपवर उतरले आणि उन्हात उलट दिशेने चालत सुटले. तेवढ्यात समोरून मागची बस आली. खिडकीत पोपटांचा शर्ट! हे मला बघून हातवारे करतायत, खाली नक्की ब्रेक दाबतायत, आणि बस आपली भुर्रकन गेली. मी परत उलटी फिरले. घामाघूम होऊन स्टॉपवर पोचले, तर हे बाकावर बसलेले.

"उतारू राहिला होता, बाई," म्हणाले. हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "डबल बेल दिलीत. समजलं मला उत्तर."

"अहो, डोंबलाचं उत्तर!" मी तिथेच कडाडले. "मला वाटलं तुम्ही पुढे आहात!"

ते चष्मा काढून शर्टावरच्या पोपटांना पुसत बसले, किती तरी वेळ.

पुढची बस आली. कंडक्टर तोच, फेरी मारून आलेला! मला बघून त्याने दोरीच धरून ठेवली. मी आधी यांना चढवलं, खिडकीशी बसवलं, पर्स काढून घेतली, मग त्या कंडक्टरला हात जोडले. काय समजला कोण जाणे, पण त्याने दोरी सोडली. मी यांच्याकडे बघून दोनदा ओढली.

हे म्हणाले, "चला."

तर झालं ते असं. फोन आपटण्याआधी तू विचारलंस, बाबांच्या फोटोसमोर त्यांना कुठे बसवणार. तेही विचारलं मी. म्हणाले, फोटो पुसायचं काम माझ्याकडे द्या, उंची आहे माझी. मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही, तुला सुचलं तर कळव.

उद्या विमानतळावरून सरळ तुझ्याकडेच येतोय. शंख गुंड्याच्या हातात मला स्वतः द्यायचाय. रागाव, भांड, पण दार उघड गं. बेल एकदा वाजली तर दूधवाला समज.

दोनदा वाजली की आम्ही.

तुझी,
आई