बर्फातली बोटं

६ जानेवारी, सोमवार
बोटं माझी, दुखणं माझं, आणि हुकूम सगळ्यांचे! डॉक्टरीणबाई म्हणते, बोटं कधी पांढरी होतात, किती वेळ राहतात, लिहून ठेवा. म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेली, मासळी विकते, माझा हात सुका असतो कधी? पण आमच्या मनालीने वही आणून पुढ्यात आपटली. लेक आहे की मास्तरीण!
तर घ्या. सकाळी बर्फ फोडला. पाच मिनिटांत तीन बोटं खडूसारखी. मग निळी. मग लाल — आणि आग आग! सासूच्या मागे सव्वीस वर्षं भिवंडीच्या बाजारात या ओट्यावर बसतेय. आत्ताच काय झालं यांना?

७ जानेवारी
दोनदा पांढरी. बस.

८ जानेवारी, बुधवार
गोळी चालू केली. फरक थोडा. चहावाल्याकडून गरम पाणी घेतलं, हात बुडवला. काहीच वाटेना म्हणून ठेवला तसाच. बाहेर काढला तर मधल्या बोटाला हा मोठा फोड! गाढव मी.

१० जानेवारी, शुक्रवार
आज लाज गेली. मासा मी बोटाने दाबते. खळगा लगेच भरून आला तर ताजा. बाकी काही बघत नाही, सगळं दुकान त्या बोटावर. आज टेम्पोतली सुरमई दाबली, घेतली, विकली. तासाभरात अन्सारीभाभी परत आली. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "दीदी, आपने ऐसा माल कभी नहीं दिया." ओरडली असती तर बरं झालं असतं! मासा बदलून दिला. मग तोच मासा बोटाने परत परत दाबून बघितला. मला काही कळतच नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार
मनाली औषधांचं शिकते, मुंबईला. तिच्या कॉलेजात उंदराची केसाएवढी नस तारेवर चढवून बघतात म्हणे. शी! दुपारी जेवताना तिला धरलं — गोळी खाऊन पण बोटं पांढरी का?
म्हणाली, "आई, बोटात बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात ना, त्यांना आवळायचा निरोप मज्जातंतू देतो. पण तो एकच रसायन सोडत नाही, दोन-तीन सोडतो. एक झटक्यात आवळतं. दुसरं धरून ठेवतं. तिसरं उशिरा येतं, तंतूला सारखं सारखं डिवचलं तर. ते बराच वेळ राहतं, आणि दुसऱ्यांना पण जोर देतं."
"म्हणजे माझ्या नणंदा," मी म्हटलं. "एक दारातूनच ओरडते, दुसरी येऊन ठाण मांडते. तिसरी शेवटी येते आणि दोघींना फूस लावते."
हसून हसून तिला ठसका लागला. तिच्या बापाला पण! कित्येक दिवसांनी हसला माणूस.
"आणि तुझी गोळी फक्त दुसरीला दारात अडवते," म्हणाली.
"मग तिघींना अडवणारी दे की."
तिने माझी बोटं हातात घेतली, चोळत बसली. मग म्हणाली, "तशी गोळी मला म्हाईत न्हाय गो. थंडी लावून त्यांना डिवचायचंच न्हाय, एवढंच हाय आपल्या हातात." शिकलेली पोर, पण रडू आलं की अशी आमच्या कोन गावची भाषा बोलते.

१५ जानेवारी, बुधवार
फोड भरत नाही. कडा काळी पडलीय. डॉक्टरीणबाईने बघितलं, चष्मा काढला. "बर्फ बंद करा. नाहीतर टोक जाईल."
टोक जाईल म्हणे, नखं कापल्यासारखं!
घरी आल्यावर मनाली म्हणाली, "मी बसते ओट्यावर." म्हटलं, थोबाड फोडीन. एवढं शिकवलं ते बांगडे कापायला? तिचा बाप भिंतीकडे बघत होता. दिवाळीला त्याचा कापडाचा लूम बंद झाला तेव्हापासून भिंतीकडेच बघतो. रागावता पण येत नाही त्याच्यावर. कधी आवाज चढवला नाही माझ्यावर.

१७ जानेवारी, शुक्रवार
उठले तर मनालीचा बाप, केसरीनाथ, घरात नाही. कोयता नाही. पाटी नाही. धावत रिक्षा धरली, बाजारात गेले — माझ्या ओट्यावर माझा नवरा! आमच्यात बाप्या मासळी विकायला बसतो कुठं? बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. शेजारची आक्का ओरडली, "अगो, उद्या याला लुगडं नेसवून पाठव!"
हा मान खाली घालून पापलेट कापतोय. वाकडंतिकडं. माशाचं डोकं कुठं टाकायचं त्याला कळेना. मी बर्फात हात घालायला गेले तर मनगट धरलं. भर बाजारात! "तू बस बाजूला. बोल फक्त."
मी बोललेच. कल्ले बघ, डोळे बघ, तिला तुकडे जाड दे. दुपारपर्यंत घसा बसला. बोटं एकदाही पांढरी झाली नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार
आक्काला सांगून टाकलं, मी यापुढे बर्फाला हात लावणार नाही. नवऱ्याला पण सांगितलं — एक दिवसाची मजा नको मला. हसतील, वर्षभर हसतील. कायमचं बसणार का? बुधवारी मोठा माल येतो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा. भिंतीला नाही, मला.