चांगभलं म्हटल्याचा गुन्हा

जोतिबा डोंगर
२६ मे २०२५

चि. पृथ्वीराज भाऊजींस,
संयोगितावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनात आज ते फारसे नाहीत. पत्र बघून चकित झाला असाल. तुमचा नंबर मी ब्लॉक केला आहे, आणि तुमच्या दादांच्या फोनमधूनही काढून टाकला आहे. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडून नियम ऐकवता. कागदावर ते जमणार नाही.

तुमच्या कंपनीची इंग्रजीची परीक्षा इतकी वर्षं कोल्हापुरात व्हायची. समोर हाडामांसाचा परीक्षक बसायचा, मुलांशी बोलायचा. यंदा तुम्ही ती ऑनलाइन नेलीत आणि मला केवढ्या कौतुकानं सांगितलंत, वहिनी, आता घरबसल्या परीक्षा! बरं, बसलो घरी. आमच्या लेकीसाठी माडीवरची खोली रिकामी केली. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. खाली दुकानात तुमचे दादा गिऱ्हाइकांशी कुजबुजत नारळाचे भाव सांगत होते. आणि वार कुठला, तर रविवार. जोतिबाचा वार! रविवारी या डोंगरावर काय असतं हे ते यंत्र बनवणाऱ्या जर्मनीच्या माणसाला ठाऊक नसेल तर मी समजू शकते. तुम्ही याच पायऱ्यांवर गुलाल विकत वाढलात.

यंत्रानं स्नेहलला विचारलं, तुझ्या गावाविषयी बोल. पोरगी छान बोलत होती. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. तेवढ्यात खालून भक्तांचा एक जथा निघाला आणि कुणीतरी आरोळी ठोकली, जोतिबाच्या नावानं! आणि आमच्या स्नेहलनं, या डोंगरावरचं कुठलंही पोर देईल तशीच, चांगभलं म्हणून साद दिली. मग जीभ चावली आणि पुढचं वाक्य इंग्रजीत नीट पुरं केलं.

आज निकाल आला. परीक्षा रद्द. शेरा असा: बाहेरील व्यक्तीशी संभाषण, गैरमार्ग. वर्षभर पुन्हा बसता येणार नाही. पुण्याच्या त्या निवासी कॉलेजात अकरावीची तिची जागा या प्रमाणपत्रावर अडकली आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण तिथं अर्ज करायला तुम्हीच सांगितलं होतंत. माझ्या मुलीला तुमच्या कंपनीनं कॉपी करणारी ठरवलं आहे. हे कसं पुसणार ते कळवा.

तुमचे आण्णा स्वतःच्या लेकाबद्दल म्हणतात, त्येला म्हणावं आता हिकडं तोंड दावू नगो. मी फक्त निरोप पोचवते आहे.

कळावे. लोभ जेवढा शिल्लक आहे तेवढा सांभाळा, वाढवू नका.
संयोगिता

पुणे
२ जून २०२५

ती. सौ. वहिनींस,
पृथ्वीराजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. हस्ताक्षर पाहून आधी आनंद झाला, मग वाचलं.

स्नेहलचं वाईट वाटलं. पण राग बाजूला ठेवून विचार करा. रविवार मीच ठरवला, कबूल. तो सबंध महाराष्ट्रातल्या मुलांसाठी ठरवला, एका डोंगरासाठी नाही. मुलांना सुट्टी असते आणि नेटवर गर्दी कमी असते. कोल्हापूरला आत्याच्या घरी जाऊन परीक्षा द्या असं मी सुचवलं होतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात की आमची पोरगी आमच्या घरातून देईल, आम्हाला कशाची लाज आहे.

आणि जुन्या परीक्षेचं एवढं गुणगान नको. राधानगरीकडची पोरं पावसात एसटीनं ओकत ओकत कोल्हापूरला यायची आणि परीक्षकांसमोर त्यांचं तोंड उघडायचं नाही. शहरातल्या शाळांची पोरं मात्र पोपटासारखी बोलून वरची श्रेणी घेऊन जायची. ते परीक्षकही तुमच्या हातच्या तांबड्या रश्श्याचा डबा खाऊन मग तुम्ही इंग्रजी शिकवता त्या शाळेची मुलं तपासायचे. वहिनी, त्या डब्याला कुणी गैरमार्ग म्हटलं नाही! यंत्राला रस्सा कळत नाही, आडनाव कळत नाही, गाव कळत नाही. म्हणूनच ते आणलं.

मी रेकॉर्डिंग पाहिलं. बाहेरून आवाज येतो, मुलगी मान वळवते, काहीतरी बोलते आणि पुन्हा उत्तर द्यायला लागते. ज्याला आपली भाषा येत नाही त्याला हे काय दिसणार? शिवाय खरं सांगू? परीक्षा देताना माणसाचं लक्ष परीक्षेत हवं. आपोआप तोंडातून गेलं, हे मला पटत नाही. मी डोंगर सोडून बारा वर्षं झाली, माझ्या तोंडातून नाही जात. सवय मोडता येते. स्नेहलला पुण्यात राहायचं असेल तर तीही मोडावी लागेल.

ती माझी पुतणी आहे, म्हणून मी या प्रकरणाला हात लावू शकत नाही. वेबसाइटवर तक्रारीचं बटण आहे, ते दाबावं. आण्णांना नमस्कार, त्यांनी घेतला तर.

लोभ कमी झाला तरी तोडू नये, एवढंच मागणं.
आपला,
पृथ्वीराज

जोतिबा डोंगर
१० जून २०२५

चि. पृथ्वीराज भाऊजींस,
अ. आ. पूर्ण लिहायची इच्छा नाही.

तुमचं पत्र तुमच्या दादांना वाचून दाखवलं. ते उठून खोबरं फोडायला गेले. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांना लागेल त्यापेक्षा जास्त खोबरं फोडलं.

बटण दाबलं. लगेच उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. पुन्हा दाबलं, पुन्हा धन्यवाद. तुमच्या यंत्राला शिवी दिली तरी ते धन्यवादच म्हणेल. डबा मी नेत होते, होय! सकाळपासून पोरांशी बोलून घसा बसलेल्या माणसाला जेवायला घालणं याला आमच्यात माणुसकी म्हणतात. राधानगरीच्या पोरांचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते थरथरणारं पोर बघून तोच परीक्षक पाण्याचा पेला पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, सावकाश. खिडकीखालून मिरवणूक निघाली की हात वर करून थांबायचा, ती गेली की पुन्हा विचारायचा. परीक्षा म्हणजे तेवढं थांबणंही असतं. तुमचं यंत्र थांबत नाही, ते फक्त नोंद करतं.

सवय मोडायची भाषा तुम्ही मला शिकवता? लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही आठवीत होतात आणि इंग्रजीच्या तासाला पळून तलावावर जात होतात. दुकानाच्या फळीवर बसवून मी तुम्हाला ती भाषा शिकवली. तेव्हा एका वाक्यात चारदा चांगभलं व्हायचं. मी कधी छडी मारली नाही, वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्याच इंग्रजीवर तुम्ही आज खुर्चीत बसला आहात.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. स्नेहल पूर्वीसारखीच दुकानात बसते. पण आरोळी आली की ती दोन्ही ओठ घट्ट मिटते आणि तोंडावर हात धरते. या डोंगरावर जन्मलेली मुलगी, सगळा रस्ता चांगभलं म्हणतो आणि ती तोंड दाबून बसते! परवा कराडकडचे एक पावणं गुलाल घेताना मला हळूच विचारत होते, पोरगी मुकी हाय व्हय? मला रडू आवरेना, मी आत गेले. इंग्रजीही बोलत नाही. मराठीही लागेल तेवढंच. कॉलेजच्या जागेपेक्षा मला हे जास्त लागतं आहे, आणि याला तुम्ही जबाबदार आहात.

मला उपकार नकोत. तुमच्या कंपनीत दोन कान असलेला एक तरी माणूस असेल तर त्याला ते रेकॉर्डिंग ऐकायला सांगा. यंत्राला नाही, माणसाला.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू, पत्र लिहायची वेळ आली तर.
संयोगिता

पुणे
१९ जून २०२५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मी अजूनही रागावलेलो आहे. खुर्चीचं तुम्ही काढायला नको होतं. तरी जे घडलं ते कळवतो.

तुमचं पत्र मी आमच्या वरिष्ठ मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्या मूळच्या केरळच्या, मराठी येत नाही. स्नेहलबद्दलचा भाग इंग्रजीत करून सांगितला. त्यांनी तिघांची समिती बसवली. निर्णयात माझा सहभाग नव्हता. फक्त मराठी कळणारा म्हणून खोलीत बसवलं, आणि नातं आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. मीटिंग रेकॉर्ड होत होती.

रेकॉर्डिंग लावलं. स्नेहल बोलायला लागली. देवळाच्या दरवाज्यातून आत गेलं की गार वाटतं, रविवारी सगळ्या पायऱ्या गुलाबी होतात, आजोबांच्या पांढऱ्या मिशाही. चांगलं बोलत होती. मी कागदाकडे बघत होतो. मोठ्या स्पीकरवर आपला रस्ता ऐकू आला आणि मग कुणाचा तरी खणखणीत आवाज: जोतिबाच्या नावानं!

वहिनी, मी चांगभलं म्हणालो. मोठ्यानं. हातसुद्धा वर गेला. स्पीकरवर स्नेहल आणि खोलीत मी, एकाच वेळी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तोंड लपवायला जागा सापडेना. मॅडमनी विचारलं, तुला बोलू नको सांगितलं होतं, तू कुणाशी बोललास? मी म्हणालो, कुणाशीच नाही. त्यांनी विचारलं, मग का बोललास? मी स्पीकरकडे बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा रेकॉर्डिंग लावायला सांगितलं, आणि या वेळी त्या पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मी दात आवळून बसलो. तरी ओठ हललेच.

शेरा पुसला आहे, तसं पत्र वेगळं येईल. फेरपरीक्षा बुधवारी, घरूनच. पण कॉलेजची यादी सोमवारी लागली. जागा दुसऱ्या मुलीला गेली. मी तिथं दोनदा जाऊन आलो, ते ऐकत नाहीत. रविवार यापुढंही बदलणार नाहीत, असंही सांगण्यात आलं. मी भांडलो, तेवढं खरं माना.

आपला लोभ मागण्याचं तोंड नाही, पण सवयीनं मागतो.
पृथ्वीराज

जोतिबा डोंगर
२७ जून २०२५

चि. पृथ्वीराज भाऊजींस,
संयोगितावहिनीचे अनेक आशीर्वाद. या वेळी मनातूनही थोडे आहेत.

जागा गेली त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. लवकर करीन असंही वाटत नाही. शेरा पुसल्याचं पत्र आलं, त्यात दिलगिरीचा एक शब्द नाही. रविवार बदलणार नसतील तर पुढच्या वर्षी माझ्या शाळेतली सगळी मुलं घेऊन मीच तुमच्या कंपनीच्या दारात येते. तिथं बसवून घ्या परीक्षा. आणि डबाही आणणार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता घरचं. तुमचं पत्र आलं तेव्हा दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आण्णांनी या घरात तुमचं नाव काढायचं नाही असं बजावून ठेवलेलं. मी तरी मोठ्यानं वाचायला घेतलं. ते माझ्याकडे पाठ करून गुलालाच्या पोत्यावर बसले. तुमचे दादा तराजू पुसत होते. स्नेहल कोपऱ्यात पुड्या बांधत होती. मिशांचं आलं तेव्हा आण्णांचा हात मिशीकडे गेला, पण वळले नाहीत. मी वाचत गेले आणि तुम्ही लिहिलेल्या त्या आरोळीपाशी आले. माझ्या लक्षातही आलं नाही, ती ओळ मी वाचली नाही, ओरडले.

आण्णा पोत्यावरूनच चांगभलं म्हणाले. तुमचे दादा म्हणाले. समोरच्या पेढ्याच्या दुकानातून धोंडुबाई म्हणाली. तुम्हाला कुणी उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसलेलं घर तुमच्या पत्राला एका आवाजात उत्तर देऊन बसलं! आण्णांना उशिरा कळलं. मग चिडून म्हणाले, म्या द्येवाला म्हनलोय, त्येला न्हाय.

स्नेहलचा हात ओठांवर गेला होता. पुडी तशीच अर्धी बांधलेली. ती माझ्याकडे बघत होती. मी तीच ओळ पुन्हा वाचली. वाक्य पुन्हा म्हणायला लावायची माझी जुनी सवय. तिनं हात काढला आणि चांगभलं म्हणाली. एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पायऱ्या चढणारे लोक थांबले आणि खालून त्यांनी साद दिली. मग ती थांबेचना.

बुधवारची परीक्षा तिनं दिली. मी जिन्यातच होते. परीक्षा चालू असताना खालून आरोळी आली. तिनं आधी साद दिली आणि मग यंत्राला इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे असं बोलावलं की असं उत्तर देतात, आता तुमचा प्रश्न पुन्हा विचारा.

निकाल काय लागेल तो लागो. यात्रेला या. आण्णा तोंड दाखवू नको म्हणतात, ते अजून मागे घेतलेलं नाही. म्हणून येताना पायऱ्यांवरूनच आरोळी द्या.

लोभ आहे, तो तुम्ही न मागता.
संयोगितावहिनी