सासूबाईंचा कळस आणि माझा ड्रोन

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा.

आज या शहराला वेड लागतं. बसला हळद-कुंकू, स्कूटरला झेंडू, प्रत्येक चाकाखाली लिंबू आणि रस्त्याच्या मधोमध फुटलेला कोहळा. घसरून पडायचं असेल तर बेंगळुरूत आजच्यासारखा मुहूर्त नाही.

तरी रूपश्रीच्या समाधानासाठी नव्या ड्रोनची पूजा केली. करायची तर नीट करायची. हिच्या माहेरचे लोक कुठेही कुंकू फासतात. मी आधी विचार केला. कॅमेरा सोडून ड्रोनला पुढे दोन काचा आणि मागे दोन. त्यातून तो बघतो आणि समोर भिंत, झाड, माणूस आलं की आपोआप थांबतो. याला ऑब्स्टकल अव्हॉइडन्स म्हणतात. म्हणजे हे त्याचे डोळे. पूजा डोळ्यांचीच हवी. पुढच्या दोन्ही काचांवर एकेक ठसठशीत टिळा लावला. कोरडं कुंकू पंख्यांच्या वाऱ्याने उडेल म्हणून खोबरेल तेलात कालवलं. याला म्हणतात इंजिनीअरिंग.

रूपश्री म्हणाली, काचेवर कशाला? मी टिळे आणखी ठसठशीत केले.

४ ऑक्टोबर, शनिवार.

चिकपेटला सासुरवाडी. मेहुणा शिवकुमार कापडाच्या दुकानात बसतो आणि मला भावजी म्हणतो. त्याला अव्हॉइडन्स समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी म्हणाला, "म्हणजे वाटेत काही आलं की थांबतंय. ते आमच्या बैलाला पण येत होतं की, भावजी." या लोकांपुढे काय बोलायचं?

सासूबाई खाटेवर. पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता सहा आठवडे उठायचं नाही. नेमका कार्तिकी पौर्णिमेला गल्लीतल्या देवीच्या देवळावर नवा कळस चढायचा आहे. हा कळस म्हणजे सासूबाईंचा, विठाबाईंचाच. तीन वर्षं घरोघर फिरून त्यांनी बायकांकडून जुनी तांब्याची भांडी मागितली, ती वितळवून कळस घडवला. पहिलं भांडं त्यांनी स्वतःचं दिलं, माहेरचं घंगाळ. आणि आता त्याच बघायला नाहीत. म्हणाल्या, "माझं घंगाळ वर जाताना एकदा बघायचं होतं, बस." डोळे पुसले.

मी जागच्या जागी जाहीर केलं: घरबसल्या लाइव्ह दाखवतो. थेट टीव्हीवर, पक्ष्याला दिसतो तसा. त्यांनी ठरवलेला फोटोग्राफर रद्द करायला लावला. सासरे कृष्णाजी म्हणाले, "सरी, अजितराव करतात म्हणजे झालं." या घरात कुणीतरी माझी किंमत ओळखली.

५ ऑक्टोबर, रविवार.

पहिलं उड्डाण, आम्ही राहतो त्या एचएसआरमधल्या मैदानावर. वर गेला. पुढे ढकलला, तर जागचा हलेना. स्क्रीनवर लाल अक्षरं: पुढे अडथळा. पुढे काय होतं? आकाश! खाली आणखी काही सूचना येत होत्या. त्या न वाचता सरकवल्या. नवशिक्यांसाठी असतात त्या.

७ ऑक्टोबर.

कारण सापडलं: या शहरातली हवा. अर्धी धूळ, अर्धं वाय-फाय. मशीन गोंधळणारच. रणजीतने, म्हणजे ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवाल्याने, सेन्सर बघितलास का असं विचारलं. हा माणूस गेल्या वर्षी लॅपटॉपचा चार्जर न लावता 'लॅपटॉप मेला' अशी तक्रार घेऊन आला होता. सोळा वर्षं मी इलेक्ट्रॉनिक सिटीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरतोय. मला शिकवतो.

११ ऑक्टोबर, शनिवार.

कस्टमर केअर. निधी नावाची मुलगी. पहिलाच प्रश्न: सर, सेन्सरच्या काचा स्वच्छ आहेत का? मी तिला सांगितलं की मी क्वालिटीत आहे, बालवाडीत नाही. काचा आरशासारख्या आहेत म्हणालो. ती म्हणाली, तरी एकदा बघता का? फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर.

कुणी बोलायला नको म्हणून ड्रोन संपूर्ण पुसला. अंग, पंख, पोट, बॅटरीची खाच. पूजेचं तेवढं ठेवलं, ते पुसत नसतात. ते आपोआप जातं.

दुपारी सॉफ्टवेअर अपडेट केलं. मग कॅलिब्रेशन, म्हणजे ड्रोनला स्क्रीनसमोर धरून ठिपके दाखवायचे आणि त्याने ते ओळखायचे. मागच्या काचांनी झटक्यात ओळखले. पुढच्यांचं 'अयशस्वी'. पुन्हा अयशस्वी. दोष स्क्रीनचा. लॅपटॉप रूपश्रीने सेलमध्ये घेतला होता.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.

शोध लागला! ड्रोन मागे उत्तम जातो. पाठ करून कुठेही न्या, भिंत आली की थांबतो, झाड आलं की थांबतो. म्हणजे अव्हॉइडन्स ठणठणीत आहे, फक्त दिशा उलटी. आता देवळाकडे पाठ करून न्यायचा, कळसाजवळ पोचला की जागच्या जागी गर्रकन फिरवायचा. दुनिया पुढे जाऊन पोचते, आपण मागे जाऊन पोचू. बुद्धी लागते.

रूपश्रीने बाल्कनीतून बघितलं. म्हणाली, बिचारा लाजतोय.

२२ ऑक्टोबर. पाडवा.

सासुरवाडीला जेवण. शिवकुमारने नवीनच काढलं: आईला खुर्चीत बसवून चौघं उचलून गल्लीच्या तोंडाशी नेऊ, वर बघेल, परत आणू. मला हसू आवरेना. म्हटलं, एकविसाव्या शतकात बाईला खुर्चीत घालून मिरवणार? डॉक्टरने गर्दीत नेऊ नका असं सांगितलंय. आणि माझा ड्रोन काय होळीत घालू? कृष्णाजी माझ्याकडे, मग शिवकुमारकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "नको रे, जावईबापू दाखवतायत की."

विषय संपला. शिवकुमारने दुसऱ्यांदा ओबट्टू, म्हणजे इथली पुरणपोळी, घेतली नाही. लागलं असेल. खरं बोललेलं लागतंच.

२६ ऑक्टोबर, रविवार.

उलट्या उड्डाणाचा सराव. सुंदर. एकदाच एका बाईंच्या वाळत घातलेल्या साडीशी थांबला, तेही वेळेवर. बाईंनी कन्नडमध्ये बरंच काही सुनावलं. मला स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, यापलीकडे येत नाही, त्यामुळे अपमान झाला नाही.

कळसाच्या दिवसाचे नियम ठरवून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मुख्य नियम: कुणीही फोन काढायचा नाही. फोनने सिग्नलमध्ये व्यत्यय येतो. (येत नाही बहुतेक. पण शिवकुमार हात वर करून हलतं शूटिंग करणार आणि मग सगळे तेच बघणार.)

४ नोव्हेंबर, मंगळवार.

उद्या कळस. सासूबाईंच्या खाटेसमोर टीव्ही लावून दिला. त्यांनी आतापासूनच नवी साडी काढून ठेवलीय. खाटेवरच नेसणार म्हणे. गंमत वाटली.

जाण्याआधी ड्रोन बाहेर काढला. पुढच्या काचांनी काही केलं नाही, तरी त्यांना टिळा आहे. मागच्या दोघींनी महिनाभर इमानेइतबारे साथ दिली, त्यांना काहीच नाही. हा अन्याय. त्यांनाही तेलात कालवून लावला. कृतज्ञता हवी माणसात.

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा. सकाळी ६.

आजपासून शिवकुमारशी मोठ्या मनाने वागायचं. जिंकणाऱ्याला शोभतं ते.

संध्याकाळ.

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

गल्ली खच्चून भरलेली. ढोल. कळस दोरीने वर चाललेला. ड्रोन सोडला, तारांच्या वर सुखरूप नेला, देवळाकडे पाठ. मागे ढकलला. स्क्रीनवर: मागे अडथळा. पुढे ढकलला. पुढे अडथळा. मागे. पुढे. हलेना! गल्लीच्या बरोबर वर, लोकांकडे तोंड करून, घोंघावत लटकला. गर्रकन फिरवायचं ठरलं होतं ते कळसाजवळ पोचल्यावर, आधी नव्हे.

मी ओरडलो. रिमोट आपटला. ओरडलो म्हणून लोकांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, मग कुणी नजर काढेना. बायका हात हलवत होत्या. ढोलवाला वाजवायचा थांबला. पुजारी मंत्र म्हणत म्हणत वर बघत होते. शिखरावर कळस बसवणारे दोघेसुद्धा हात चालवत ड्रोनकडे बघत होते.

टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, कळस बसला.

बॅटरी संपत आली तेव्हा स्वतःहून खाली आला. लँडिंग अचूक.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

सुट्टी वाढवली. सासूबाईंकडे गेलो. रूपश्री काल त्यांच्याजवळ बसली होती. तिने सांगितलं, टीव्हीवर सगळा वेळ नुसती वर बघणारी तोंडं. सासूबाई आधी हसून एकेकाला ओळखत होत्या, मग विचारायला लागल्या, कळस कुठाय? शेवटपर्यंत विचारत होत्या.

आज त्यांनी सगळ्यांना बोलावून एकच विचारलं: माझं घंगाळ वर जाताना कुणी बघितलं? कसं दिसलं? कृष्णाजींनी मान खाली घातली. म्हणाले, "ते घोंघावत होतं ना, तिकडंच लक्ष गेलं." शिवकुमारनेही बघितलं नव्हतं. फोटो नाही. फोन माझ्याच हुकमाने खिशात. अख्ख्या गल्लीत सांगणारं एक माणूस निघालं नाही. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

मला वाईट वाटलं. जरा नव्हे, फार वाटलं. पण मशीनपुढे माणूस काय करणार?

थोड्या वेळाने म्हणाल्या, ते यंत्र आणा बघू. हातात घेऊन फिरवून बघितलं. मग पदराचं टोक तोंडात ओलं करून चारी काचा पुसायला लागल्या. पदर लाल झाला. म्हणाल्या, "जावईबापू, डोळ्यांत तेल-कुंकू भरून वर ह्याला बघ म्हणालात होय?"

मी सांगितलं की पूजेच्या दिवशी घरात बरीच माणसं होती. रूपश्रीने माझ्याकडे बघितलं. घरात आम्ही दोघंच होतो.

घरी येऊन उडवला. सरळ पुढे गेला. बारा ऑक्टोबरचं अपडेट आत्ता कुठे लागू पडलेलं दिसतंय.

९ नोव्हेंबर, रविवार.

आज खुर्ची काढली. डॉक्टरांना विचारून, गर्दी नसताना. शिवकुमारने मला विचारलं नाही, नुसता खुर्चीचा मागचा डावा पाय दाखवला. पुढे तो आणि दुकानातला सुरज, मागे मी आणि ओळखीचा रिक्षावाला. ड्रोन गाडीत राहिला.

गल्लीत हातगाडी, स्कूटरी, कापडाचे गठ्ठे, एक बसलेली गाय. शिवकुमार पुढून ओरडत होता, "स्वल्प दारी बिडी! वाट सोडा जरा! आई येत्येय!" हातगाडी सरकली, स्कूटरी सरकल्या, गठ्ठे उचलले गेले. गायसुद्धा उठली. कॅलिब्रेशन कुणी केलं नव्हतं.

देवळासमोर खुर्ची थोडी तिरकी धरली. सासूबाई बराच वेळ वर बघत होत्या. म्हणाल्या, वरची वाटी माझ्या घंगाळाची आहे, तांब्याचा रंग ओळखू येतोय. वितळवलेलं तांबं ओळखू येत नसतं. हे मी बोललो नाही. कळसही बघितला नाही. मान वर केली असती तर पाय सुटला असता.

परत आल्यावर त्या खुर्चीचा हात थोपटत म्हणाल्या, पुढच्या आयुधपूजेला हिलाही कुंकू लावा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण डबी जावईबापूंच्या हातात देऊ नका."

सगळे हसले, कृष्णाजीसुद्धा. मी कुंकवाच्या शास्त्राबद्दल दोन शब्द बोलणार होतो. तेवढ्यात शिवकुमार म्हणाला, "भावजी, आता सोडा की पाय. खुर्ची खाली ठेवलीय कधीची."