झाडापर्यंत मी

३ जानेवारी
पिक्चरवाले आज पुन्हा दादांच्या दुधाच्या कट्ट्यावर. दादा गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढत होते, मी पेले विसळत होते. त्यांच्यातला सहायक दिग्दर्शक (यापुढे स.दि.) मला म्हणाला, हिरोइनीला आधी जाड दाखवायचंय, कापूस भरलाय, पण मागून उशी बांधल्यासारखी दिसते. "पाठ तुमची चालेल का? चेहरा दिसणार नाही." असं कुणी वडिलांसमोर विचारतं? पण दादा खूश. "आमची पोरगी पिच्चरात! पावणं, दूध घ्या आधी."
सही केली. कागद पूर्ण वाचला नाही. वाचायला हवा होता.

९ जानेवारी
रंकाळ्यावर गाणं, बारीक होण्याचं. वळणावरच्या झाडापर्यंत मी पळायचं. झाडाच्या पलीकडून हिरोइन निघते, बारीक, वेणी उडवत. मध्ये काही नाही. अकरा वेळा पळले. दर वेळी झाडामागे धापा टाकत उभी. तिने स्वतःची पाण्याची बाटली दिली, म्हणाली, "सॉरी हं." कशाबद्दल, ते विचारलं नाही.
डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन वर्षं रोज चालते. सात किलो उतरले, पाच परत आले. हे त्या गाण्यात कुठल्या कडव्यात बसेल?

१२ जानेवारी
जेवणाचा सीन. पाठ आणि हात माझे. कट झाला की घास बादलीत थुंकायचा, असं स.दि.ने बजावलं होतं. जमलं नाही. पानात शीत राहिलं तरी आई उठू देत नसे, तोंडातला घास कसा टाकणार? नऊ टेक, नऊ ताटं, सगळी संपवली. कॅमेरा कधी पुढे आला, कळलं नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं, काम नीट झालं.
घरी येऊन ओकले. अन्न वाया गेलंच.

४ सप्टेंबर
ट्रेलर आला. चेहरा आहे. माझा.
हिरोइनीला स्वप्न पडतं, आपण पुढे अशा होणार. ते स्वप्न म्हणजे मी. हनुवटीवरून रस्सा ओघळतोय, मागे पिपाणी वाजतेय. ती दचकून उठते आणि पळायला लागते.

५ सप्टेंबर
स.दि.ला फोन केला. चेहरा दिसणार नाही म्हणाला होतात.
"अहो ताई, लोकांना तोच शॉट आवडलाय! आणि कागदावर सही आहे की तुमची."
काढता येईल का? हसला. वाईट मनाने नाही हसला. त्याला खरंच वाटत होतं, मला आनंद होईल.
दादांचा फोन साधा. त्यांनी ट्रेलर पाहिलेला नाही. गिऱ्हाईकांना सांगत सुटलेत, पहिल्या दिवशी सगळ्यांनी जायचं. आज मी त्यांना सांगणार होते. त्यांनी विचारलं, "नवं लुगडं नेसणार न्हवं?" सांगायचं राहिलं.

११ सप्टेंबर
कट्ट्यावर दोन मुली. "स्वप्नातल्या त्या तुम्हीच ना?" खोटं बोलता येत नाही. हो म्हटलं. फोटो काढून गेल्या. चालायला आठवडाभर गेले नाही. लोक बघतात, मला घाबरून पुढे पळणारं कोणी दिसतंय का.
दादांना आजही सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर
पिक्चर लागला. तीनचा खेळ. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला. कट्ट्यावरचे आठजण खाली गाड्या चालू करून उभे. तेव्हा सांगितलं. चेहरा दिसतो. मी जेवते, आणि लोक हसतात.
"हसू दे की. हसायचाच पिच्चर हाय न्हवं?"
मग चपला घालता घालता थांबले.
"तुला हसत्यात व्हय?"
हो म्हटलं.
खालून हाक आली, "चला की वो, नावांच्या पाट्या चुकत्यात!"
दादा उंबऱ्यावर बसलेत, एक चप्पल पायात. मी आतल्या खोलीत हे लिहितेय, लुगडं नेसून. खाली हॉर्न वाजला. "आलो, आलो," म्हणाले, पण उठल्याचा आवाज अजून नाही.