आंब्याच्या खांद्यावरचा वड

वटपौर्णिमा, १९६५. संध्याकाळ.

अजून हसू येऊन राहिलं आहे. सरहद्दीवरच्या चकमकींमुळे दारूगोळ्याच्या कारखान्यात यांना रोज ओव्हरटाइम, मग मला लांबच्या वडापर्यंत नेणार कोण? सासूबाई म्हणाल्या, "काहून तोंड पाडून बसलीस? आपल्या आंब्यावर वड आहेच की!"

खरंच! क्वार्टरसमोरच्या आंब्याच्या बेचक्यात हातभर वड उगवलाय. आम्ही शेजारणींनी सूत गुंडाळलं आंब्याला, हात जोडले वरच्या वडाला. वाणालाही त्याच झाडाचे आंबे! पूजा नक्की कोणाची झाली?

हे घामेजून आले, सूत पाहून म्हणाले, "सात जन्म वडाकडे मागितलेस. त्याला खांद्यावर घेतलेल्या आंब्याला विचारलंस का?"

मी एक पिकलेला आंबा त्यांच्या हातावर ठेवला. "चाखून पाहा. तक्रार असती तर इतका गोड झाला असता?"