मावळतीकडचे डाग

वडणगे, जि. कोल्हापूर
१३ मे २०२४

चि. सौ. संयोगितास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन लावला की तुझे दाजी कानाशीच येऊन बसतात, म्हणून कागद घेतला. परसातलं सफरचंद चौथ्या वर्षी धरलं. मोहोर दिसला तेव्हाच पहिलं फळ जोतिबाला बोलले होते. आता फळांवर तपकिरी डाग पडलेत, भाकरी करपावी तसे. शेजारच्या शालूबाई दृष्ट लागली म्हणतात. ह्यांचं म्हणणं, रोग हाय, पेरूला लागायच्या आत झाड तोडायचं. मी कुऱ्हाड तांदळाच्या पिपामागं लपवलीय. हे रोज शोधतात, पण मला विचारत नाहीत.

ह्यांनी कष्ट कमी केले नाहीत हो. उसाचा पाला काढतात तसा ह्या झाडाचाही काढून फळं मोकळी केली. तरी असं झालं, त्याचाच राग आहे. द्राक्षवाल्यांना सल्ले देतेस, एक बहिणीलाही दे. डागी फळ देवापुढं कसं ठेवू?

पत्राला उशीर कर, मायेला नको.
तुझी आक्का

निफाड
१८ मे २०२४

ती. सौ. आक्कास, संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

कुऱ्हाड आहे तिथंच राहू दे. आधी ओल्या फडक्यानं डाग पुसून बघ. पुसला गेला तर वरवरची बुरशी. नाहीच गेला तर फळ काप. आत गर पांढरा, अळी नाही आणि डाग सगळे मावळतीच्या अंगाला असले, तर तो रोग नव्हे. फळ उन्हानं भाजलंय. तसंच निघेल, लिहून ठेव.

कारण तूच कळवलंस. उसाचं वाळलेलं पान काढलं तर ऊस मोकळा होतो. सफरचंदाचं हिरवं पान काढलं तर फळाच्या डोक्यावरचं छप्पर जातं. द्राक्षात ही चूक मी दर उन्हाळ्यात बघते, आणि करणारा माणूस बहुतेक वेळा गावातला सगळ्यात कष्टाळू असतो. दाजींना सांगताना हे आधी सांग, बाकीचं मागून.

मावळतीकडून पांढरं कापड बांधा. पडलेले डाग जाणार नाहीत, नवे पडणार नाहीत. पेरूला काही होत नाही.

दाजींना नमस्कार. माया ठेव, आणि माझ्या नावचं एक फळही.
तुझी संयू

वडणगे
२७ मे २०२४

चि. सौ. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

डाग पुसला नाही. फळ आतून खोबऱ्यासारखं पांढरं निघालं. डाग सगळे मावळतीकडं, शिडी लावून ह्यांनी पाला काढला त्याच अंगाला. तुझं वाक्य आधी सांगितलं, बाकीचं मागून. हे भर दुपारी झाडाखाली जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून. आत आले ते ट्रंकेतलं स्वतःचं लग्नातलं धोतर काढायलाच. मला म्हणाले, "आता तरी कुऱ्हाड दे की. धोतर बांधायला मेढी तोडायच्या हायत."

दिली.

काल रविवारी जोतिबाला गेलतो. उगवतीकडं पानाआड एक फळ बिनडागी राहिलं होतं, ते देवाला वाहिलं. डागी फळं हेच खातात, आणि येईल त्या पावण्याला कापून देतात. शालूबाई आता रोप मागतायत.

कुऱ्हाड दारामागं, नेहमीच्या जागी आहे. तुझं फळ पाठवते. डागी आहे, पण गोड आहे. तसाच लोभ आमच्यावरही असू दे.
तुझी आक्का